त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करायचा की नाही? पहिला नकार पचवणाऱ्यांसाठी

२०११ सालची गोष्ट. सोलापूरहून पुण्यात येऊन मला आठ महिने झाले होते. कर्वेनगरात तिघींची एक खोली होती आणि खराडीतल्या एका कंपनीने तिसऱ्या राउंडनंतर मला नकार कळवला होता. मी काय केलं, तर तीन आठवड्यांनी नवा ईमेल आयडी काढला, सीव्हीवरून वडिलांचं नाव गाळलं आणि त्याच जागेला पुन्हा अर्ज टाकला. बोलावणं आलं! दोन बस बदलून पोचले. रिसेप्शनच्या सोफ्यावर बसले होते, तेवढ्यात एचआरच्या बाई हातात प्रिंटआउट घेऊन आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही मागच्या महिन्यात येऊन गेलात ना? मोबाइल नंबर तोच आहे."

त्यांनी दिलेलं पाणी प्यायले आणि परत आले.

पुढे पोटापाण्यासाठी कंपन्यांना उमेदवार पुरवणाऱ्या एका कन्सल्टन्सीत लागले, तिथून भरतीच्याच कामात शिरले आणि आजतागायत तेच करते आहे. टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली: कंपनीतली माणसं तुम्हाला फार लवकर विसरतात आणि कंपनीची सिस्टीम सहसा विसरत नाही. उमेदवार मात्र बरोब्बर उलटं धरून चालतो. "त्या मॅनेजरला माझा चेहरा आठवेल" म्हणून लाजून वर्षभर अर्ज करत नाही, किंवा "कोण बघतंय" म्हणून नवा ईमेल काढून महिन्याभरात करतो. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः पुण्या-मुंबईच्या आयटी आणि इंजिनीअरिंग कंपन्यांकडे बघून लिहिलंय. सरकारी परीक्षांचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

पहिली पायरी: त्याच रात्री लिहून काढा

नकार यायच्या आधीच हे काम करायचं असतं, पण करतं कोण! निदान नकार आला त्या दिवशी तरी एक वही घ्या. कंपनी, जागेचं नाव, जॉब आयडी, अर्जाची तारीख, टेस्टची तारीख, प्रत्येक राउंडची तारीख, अर्ज कोणामार्फत गेला, तुम्ही अपेक्षित पगार किती सांगितला, नोटीस पिरियड किती सांगितला. आणि विचारलेले सगळे प्रश्न, जसे आठवतील तसे. कोणता आला, कोणता अर्धवट आला, कुठे थाप मारली. हेही लिहा, वही तुमचीच आहे.

मग दोन ओळींचा मेल. वेळ दिल्याबद्दल आभार आणि पुढे योग्य जागा निघाली तर विचार व्हावा, एवढंच. "माझं कुठे चुकलं ते कृपया सविस्तर कळवावे" असं लिहू नका. लेखी कारण दिलं की वाद वाढतो हे एचआरला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे तिकडून ठरलेलं छापील वाक्य येईल किंवा काहीच येणार नाही. त्यापेक्षा चार दिवसांनी रिक्रूटरला फोन करा आणि हो-नाहीमध्ये उत्तर देता येईल असा प्रश्न विचारा: "मॅडम, मी टेक्निकलला कमी पडले की ती जागाच थांबली?" याला दहातले पाच जण तरी खरं उत्तर देतात. मीही देते. उघडा प्रश्न विचारणाऱ्याला मात्र मी छापील वाक्यच ऐकवते, कारण संध्याकाळपर्यंत असे वीस फोन असतात.

दुसरी पायरी: नकार कुठल्या दारातून आला ते ओळखा

सगळं इथेच ठरतं, म्हणून इथे जरा थांबू.

सीव्हीच पुढे गेला नसेल, तर त्या कंपनीने तुम्हाला नाकारलेलं नाही. तुम्हाला कोणी पाहिलेलंच नाही. असा नकार मनाला लावून घेण्यात अर्थ नाही, फक्त एक तपासा: पात्रतेची अट आडवी आली का? फ्रेशर भरतीत दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे ६० टक्के, चालू बॅकलॉग नको, शिक्षणात मोठा खंड नको, पासिंगचं वर्ष अमुकच हवं, अशा अटी असतात आणि त्या संगणक लावतो. दहावीला ५८ टक्के असतील तर ते पुढच्या वर्षीही ५८च राहणार. त्याच दारावर पुन्हा धडका मारू नका. छोट्या कंपनीत दोन वर्षं काम करा आणि मग अनुभवी म्हणून अर्ज करा. त्या दारावर दहावीचे मार्क बघणारे कमी असतात. काही कंपन्या तिथेही विचारतात, पण तुमचं काम पुढे आणि मार्क मागे असा क्रम लागतो.

फ्रेशरसाठी आणखी एक सापळा आहे. "सहा महिने थांबून पुन्हा देतो" म्हणून थांबलात आणि तोवर कंपनीने पुढच्या बॅचची जाहिरात काढली, तर तुम्ही अपात्र. थांबायचं ठरवण्याआधी आपलं पासिंगचं वर्ष अजून किती भरत्यांना चालणार आहे हे बघा.

ऑनलाइन टेस्टमध्ये अडकलात तर गोष्ट सोपी. गणित कच्चं होतं की कोडिंग, हे तुम्हालाच माहीत असतं. सराव केलात तर पुन्हा बसण्यात फायदा आहे. पण टेस्ट चालू असताना टॅब बदलला, कॅमेऱ्यात दुसरं कोणी दिसलं, आणि तशी नोंद झाली असेल, तर ती नोंद कमी मार्कांपेक्षा जड असते. मार्क वाढवता येतात, ही नोंद पुसायची सोय उमेदवाराकडे नसते.

टेक्निकल राउंडमधला नकार सगळ्यात जास्त टोचतो, आणि त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. प्रत्येक मुलाखत घेणारा शेवटी एक फॉर्म भरतो. त्यात चार-पाच ओळी असतात, आणि पुढच्या वेळी तुमचं नाव उघडलं की त्या ओळी समोर येतात. "बेसिक कच्चं, शिकायची तयारी दिसते" असा शेरा असेल तर तो तुमचा मित्रच समजा; पुढचं पॅनेल तेच बेसिक आधी विचारेल, तुम्ही तयार असलात की काम झालं. "सीव्हीत लिहिलेलं येत नाही" हा शेरा मात्र वाईट. तो ज्ञानावरचा शेरा दिसतो, पण वाचणारा तो सचोटीवरचा म्हणून वाचतो. जावामध्ये 'एक्स्पर्ट' लिहून हॅशमॅप कसा चालतो ते सांगता आलं नाही, असे उमेदवार मी आठवड्याला दोन तरी बघते. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर अर्ज नंतर, आधी तो शब्द सीव्हीवरून काढा.

क्लायंट राउंडमध्ये नकार आला तर पुन्हा अर्ज करायचा विचारच करू नका, तशी गरजच नाही. सर्व्हिस कंपनीने तुम्हाला पास केलेलं असतं, तिच्या गिऱ्हाइकाने नको म्हटलेलं असतं. त्याच दिवशी रिक्रूटरला विचारा, "दुसऱ्या अकाउंटसाठी, म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी, माझा विचार होईल का?" तुमच्यावर तिचे तीन आठवडे खर्ची पडलेले असतात, तिलाही ते वाया घालवायचे नसतात.

आणि शेवटचं दार म्हणजे एचआर. पगार जुळला नाही, नोटीस पिरियड ९० दिवसांचा होता आणि त्यांना माणूस ३० दिवसांत हवा होता, रात्रपाळी नको होती, चाकणला रोज जाणं जमणार नव्हतं. हा हिशेब जुळला नाही म्हणून आलेला नकार आहे, आणि हिशेब बदलला की ताबडतोब परत जावं. राजीनामा दिलाय, शेवटचा दिवस ठरलाय? तोच रिक्रूटर, तोच ईमेल, आणि विषयाच्या ओळीत शेवटच्या दिवसाची तारीख. मी पाहिलेल्या पुनर्अर्जांपैकी सगळ्यात पटकन लागलेले हेच.

काहीच उत्तर आलं नाही, तर? बहुतेक वेळा जागा 'होल्ड'वर गेलेली असते किंवा आतल्याच कोणाला दिलेली असते. एक आठवण-मेल पाठवा, महिनाभर वाट बघा आणि नकार समजून पुढे चला. मौनातून अर्थ काढत बसू नये.

तिसरी पायरी: साल आणि महिना बघा

एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची कर्मचारीसंख्या मिळून सुमारे ६४ हजारांनी घटली. त्या वर्षी यातल्या एखाद्या कंपनीने नकार दिलेल्या मुलाने "मी नालायक आहे" असा निष्कर्ष काढला असेल तर त्याने आकडे बघितले नव्हते. त्याआधीच्या दोन वर्षांत हीच दारं सताड उघडी होती. भरती लाटेसारखी येते आणि ओसरते. तुमचा नकार ओहोटीतला असेल तर नुसतं पाणी वाढेपर्यंत थांबणं हेही एक पाऊल आहे.

वर्षातले महिनेही सारखे नसतात. भारतीय आयटी कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, नव्या जागांचा पैसा तेव्हा मंजूर होतो. त्यातच मार्च-एप्रिलमध्ये बोनस आणि वाढ हातात पडली की माणसं सोडून जातात, त्यांच्या खुर्च्या एप्रिल ते जूनमध्ये रिकाम्या दिसतात. अमेरिकन कंपन्यांची जी केंद्रं बालेवाडी, खराडी, हिंजवडीत आहेत, त्यांपैकी बऱ्याच जणांचं वर्ष जानेवारीला सुरू होतं. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र दोन्हीकडे शुकशुकाट. पॅनेलचे लोक रजेवर, मंजुरी देणारा साहेब न्यू जर्सीत सुट्टीवर. डिसेंबरात टाकलेला अर्ज जानेवारीच्या ढिगाऱ्यात सगळ्यात खाली जातो.

चौथी पायरी: कूलिंग पिरियड शोधा

मुलाखत दिल्यानंतर ठरावीक काळ त्याच कंपनीत पुन्हा बसता येत नाही, त्याला सगळे कूलिंग पिरियड म्हणतात. कुठे ३ महिने, बऱ्याच ठिकाणी ६, काही ठिकाणी वर्ष. विप्रोच्या फ्रेशर भरतीच्या अटींमध्ये गेल्या ३ महिन्यांत निवड प्रक्रियेत भाग घेतलेला नसावा असं कलम असायचं. गूगलने वेगळी गाठ मारली आहे: ३० दिवसांत जास्तीत जास्त ३ जागांना अर्ज. हे नियम भरतीगणिक बदलतात, म्हणून मित्राने सांगितलेला आकडा धरू नका, त्या जाहिरातीच्या पात्रतेच्या अटी शेवटपर्यंत वाचा. अट बहुधा शेवटून दुसऱ्या ओळीत असते.

घड्याळ कधी सुरू होतं यावर बरेच जण फसतात. अर्जाच्या तारखेपासून नव्हे, आणि नकाराच्या मेलपासूनही सहसा नाही. शेवटची टेस्ट किंवा मुलाखत झाली त्या दिवसापासून. वहीत तारखा लिहायला सांगितलं ते याचसाठी. नुसता सीव्ही नाकारला गेला असेल तर बहुतेक ठिकाणी हा काळ लागूच होत नाही. आणि वेगळ्या विभागातल्या वेगळ्या कौशल्याच्या जागेला तो लागू होतो की नाही, हे रिक्रूटरला थेट विचारायला काही हरकत नाही.

नावावरून गोंधळू नका. टाटा मोटर्सने नकार दिला म्हणून टाटा टेक्नॉलॉजीज किंवा टीसीएस बंद होत नाही. या वेगळ्या कंपन्या आहेत, भरतीही वेगळी. आकुर्डीची बजाज ऑटो आणि विमाननगरची बजाज फिनसर्व्ह, तसंच. याच्या उलटही घडतं. एल अँड टी इन्फोटेक आणि माइंडट्री नोव्हेंबर २०२२ मध्ये एक झाल्या. अशा विलीनीकरणानंतर जुना नकार कुठल्या खात्यात जमा आहे हे विचारून घेतलेलं बरं.

पाचवी पायरी: तुमचा सीव्ही कोणाच्या नावावर आहे?

हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. दोन वर्षं कन्सल्टन्सीत हेच केलंय. कन्सल्टन्सीने तुमचा सीव्ही कंपनीला पाठवला की करारानुसार काही महिने तो सीव्ही तिच्या नावावर चढतो. त्या काळात तुम्ही लागलात तर कमिशन तिचं. मध्येच तुम्ही कंपनीच्या साइटवरून स्वतः अर्ज केलात किंवा तिथे काम करणाऱ्या मैत्रिणीने तुमचं नाव सुचवलं (रेफर केलं), तर सिस्टीम 'डुप्लिकेट' दाखवते. आता कमिशन कोणाला, रेफरल बोनस कोणाला, असा वाद. घाईत असलेला रिक्रूटर वाद सोडवत बसत नाही, पुढचा सीव्ही उघडतो. तुम्हाला कळतसुद्धा नाही.

म्हणून कन्सल्टन्सीला फोन करून विचारा: माझा सीव्ही कोणत्या तारखेला पाठवला, आणि तुमची मुदत कधी संपते? कधी कधी असंही कळतं की पाठवलाच नव्हता. मग तुम्ही मोकळ्या.

सहावी पायरी: बदललंय काय?

एका वाक्यात उत्तर देता आलं पाहिजे. "मागच्या वेळी मी अमुक होते, आता तमुक आहे." मॅन्युअल टेस्टिंग करत होते, आता कंपनीच्या कामात आपोआप टेस्टिंग करणाऱ्या सेलेनियमच्या दीडशे स्क्रिप्ट्स माझ्या आहेत. ऑटोकॅडवर होतो, आता वर्षभर कॅटियावर फिक्श्चर डिझाइन करतोय. टॅलीत नोंदी करत होते, आता सॅपमध्ये महिनाअखेरचे हिशेब मीच बंद करते. असं वाक्य तयार असेल तर अर्ज करा.

नुसतं सर्टिफिकेट हा बदल नाही, निदान माझ्या लेखी तरी नाही. पंधरा तासांचा कोर्स करून पीडीएफ जोडणाऱ्यांचा पूर आलाय. कोर्स करून त्यावर काहीतरी बनवलं असेल, ते उघडून दाखवता येत असेल, तर गोष्ट वेगळी. नोकरी नसलेल्यांनीही हताश होऊ नये. गावातल्या डेअरीच्या दूध संकलनाची नोंद ठेवणारी साधीशी प्रणाली बनवून आलेला लातूरकडचा एक मुलगा मला आठवतो. पॅनेलने त्याला नेहमीचे प्रश्न विचारलेच नाहीत, अर्धा तास फॅटच्या दरावरच चर्चा चालली.

बदल तिकडच्या बाजूनेही झालेला चालतो: नवा मॅनेजर, नवा प्रोजेक्ट, तीन जागांऐवजी तीस. कंपनीच्या बातम्या आणि जाहिराती पाहत राहिलात तर हे दिसतं. तुमच्यात काही बदल नाही, तिकडे काही बदल नाही, फक्त सहा महिने उलटलेत, अशी स्थिती असेल तर त्याच प्रश्नांना तीच उत्तरं द्यायला जाताय. आणि "काकांचा मुलगा तिथेच लागला" हा बदल नव्हे. घरचे रोज विचारत असतील तरीही.

कुठे परत जाऊ नये

मुलाखतीत लग्न कधी करणार, मूल कधी होणार असं खोदून विचारलं, आवाज चढवला, तीन तास ताटकळत ठेवून दोन मिनिटांत उठवलं: पाहुण्याशी असं वागणारं घर सुनेशी कसं वागेल ते वेगळं सांगायला नको. मूळ गुणपत्रिका 'बॉन्ड'साठी ठेवून घ्यायला सांगणाऱ्या ठिकाणीही पुन्हा जाऊ नका. तीच जागा वर्षभर दर महिन्याला जाहिरातीत दिसत असेल तर लोक तिथे का टिकत नाहीत ते आधी विचारून बघा.

नकारानंतर आठवड्याभरात "तुमचा विचार पुन्हा होऊ शकतो, पाच हजार डिपॉझिट भरा" असा फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप आला तर तो चोर आहे. टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्या भरतीसाठी पैसे घेत नसल्याचं आपल्या साइटवर स्पष्ट लिहितात. नकाराने दुखावलेला माणूस या लोकांना नेमका हवा असतो.

आणि एक उलटं: ऑफर स्वीकारून रुजू व्हायच्या दिवशी तुम्हीच फोन बंद ठेवला असेल, तर तिथे नकार तुम्ही दिला आहे. बऱ्याच कंपन्या अशी नावं वेगळ्या यादीत ठेवतात. तिथे अर्ज करण्याआधी त्या वेळच्या रिक्रूटरला माफीचा मेल लिहा. काहीवेळा दार उघडतं, पण भरवसा नको.

सातवी पायरी: अर्ज कसा भरायचा

जुनाच ईमेल, जुनाच मोबाइल, जुनंच खातं. पासवर्ड विसरला असेल तर नवा मागवा, नवं खातं काढू नका. मी काय केलं होतं ते वर वाचलंच आहे. 'यापूर्वी अर्ज केला होता का' या रकान्यात खरं लिहा.

जुना सीव्ही सिस्टीममध्ये पडलेला असतो, तो आणि नवा शेजारी शेजारी उघडता येतात. मागच्या वेळी एखाद्या कंपनीत मार्च ते नोव्हेंबर काम केलं असं लिहिलं होतं आणि आता ते जानेवारी ते डिसेंबर झालं, तर कोणी तरी विचारणारच. नोकरीच्या तारखा तुमच्या भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींमध्येही असतात. पडताळणीच्या वेळी यूएएन, म्हणजे या निधीचा तुमचा १२ आकडी क्रमांक, मागतात आणि त्यावरून कुठे, कधीपासून कधीपर्यंत होतात ते दिसतं. पहिल्या सीव्हीत चूक असेल तर नव्यात दुरुस्त करा आणि मुलाखतीत स्वतःहून सांगा. सांगितलेली चूक सहसा माफ होते.

अपेक्षित पगाराचा आकडाही जुना दिसतो. सहा महिन्यांपूर्वी सहा लाख सांगितले होते आणि आता दहा सांगताय, तर मधल्या काळात काय घडलं हे सांगायची तयारी ठेवा.

रेफरल मिळत असेल तर उत्तम, पण क्रम लक्षात ठेवा: आधी रेफरलची लिंक, मग अर्ज. आधी तुम्ही स्वतः अर्ज टाकलात की मित्राचं रेफरल बऱ्याच ठिकाणी धरलंच जात नाही. आणि ओळखीपाळखीच्या ओळखीतल्या माणसाला लिंक मागण्यापेक्षा ज्याने तुमच्याबरोबर काम केलंय त्याला मागा. "हिचं काम मी बघितलंय" या एका ओळीला वजन असतं; "आमच्या सोसायटीतली आहे" याला नसतं.

किती वेळा? माझा हिशेब सांगते. एकाच प्रकारच्या जागेला, एकाच कंपनीत, दोनदा. दुसऱ्यांदाही त्याच राउंडला अडलात तर दोन वर्षं त्या कंपनीचं नाव काढू नका, तोवर कुठेतरी काम करून मोठे व्हा. माझ्या ओळखीतले काही जण यावर वाद घालतात, चौथ्या खेपेला लागलेल्यांची उदाहरणं देतात. असतील. फेसबुकने २००९ मध्ये नाकारलेल्या ब्रायन अ‍ॅक्टनचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच फेसबुकने २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलर्सला घ्यायचं ठरवलं, हेही खरंच आहे. पण तो पुन्हा अर्ज करत बसला नव्हता, एवढं लक्षात घ्या.

आठवी पायरी: पुन्हा समोर बसल्यावर

विषय टाळू नका. त्यांच्या स्क्रीनवर सगळं असतं. विचारलं की तीन वाक्यांत सांगा: "हो, मागच्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या राउंडपर्यंत आले होते. एसक्यूएलच्या जॉइन्समध्ये अडकले. त्यानंतर रिपोर्टिंगचं काम मागून घेतलं, आता रोज तेच करते." मागच्या पॅनेलबद्दल तक्रार नको, "तेव्हा तब्येत बरी नव्हती" नको. आणि वहीतले जुने प्रश्न आदल्या रात्री सोडवून जा. तेच प्रश्न पुन्हा येतात. पॅनेलवाल्यांचेही ठरलेले आवडते प्रश्न असतात.

मी त्या खराडीच्या कंपनीत परत गेले ते २०१३ मध्ये, भरती विभागातल्याच जागेसाठी. ईमेल जुना, वडिलांचं नाव जागच्या जागी. आधी अर्ज केला होता का, याच्या पुढे 'हो' लिहिलं आणि दोन्ही तारखा दिल्या. मॅनेजरने स्क्रीन बघितली, दुसऱ्या तारखेपुढचा 'डुप्लिकेट' हा शेरा मोठ्याने वाचला आणि विचारलं, "हे काय होतं?" मी काहीही न लपवता सांगितलं. त्याने विचारलं, "उद्या तुमच्यासमोर असं कोणी आलं तर काय कराल?"

"पाणी विचारेन, आणि मग परत पाठवेन," मी म्हटलं.

अकरा दिवसांनी ऑफर आली. पगार मागितला होता त्यापेक्षा कमी होता.